ही पाळी आणि यापुढच्या सगळ्या

आमच्या बुलढाण्यात ‘मी सॉफ्टवेअर लिहिते’ असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा विचार करतो आणि म्हणतो, “मंग आमच्या प्रिंटरचं पाहून देता काय?” वीसेक वर्षं मी हे ऐकते आहे, आणि प्रिंटरही पुष्कळ पाहून दिलेत. पण माझा खरा धंदा पाळ्या लावण्याचा. क्लासच्या बॅचेस, लॅबच्या अपॉइंटमेंट, दवाखान्यातल्या वेळा, जे जे पुन्हा पुन्हा येतं ते कॅलेंडरात बसवून द्यायचं आणि ज्याचं त्याला आदल्या संध्याकाळी मोबाइलवर कळवायचं. ऐकायला हे काम सोपं वाटतं. मलाही सुरुवातीला वाटलं होतं.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगायला हवी. ‘दर मंगळवारी सकाळी सात’ असं तुम्ही कॅलेंडरात टाकता, तेव्हा आत पन्नास मंगळवार लिहिले जात नाहीत. एकच नियम लिहिला जातो, आणि तुम्ही ज्या महिन्याचं पान उघडाल त्या महिन्याचे मंगळवार त्या नियमातून तेवढ्यापुरते काढून दाखवले जातात. कॅलेंडर स्वतः मी लिहिलेलं नाही. ते एका मोठ्या कंपनीचं आहे. माझा प्रोग्राम त्याला निरोप पाठवतो, की असा असा नियम ठेव, किंवा ठेवलेला बदल.

नियम म्हटला की तो अक्षरशः पाळला जातो. आमच्या एका क्लासवाल्या सरांनी महिनाअखेरीची पालकसभा ‘दर महिन्याच्या एकतीस तारखेला’ अशी टाकून ठेवली. मार्चमध्ये हॉल भरला. एप्रिलला एकतीस तारीख नसते, म्हणून कॅलेंडरने तो महिना सोडून दिला आणि कुणालाच निरोप गेला नाही. सर तीस तारखेला खुर्च्या मांडून बसले. दुसरे एक ट्रकमालक होते. त्यांच्याकडे अमावस्येला गाडी बाहेर काढत नाहीत. त्यांना ‘दर अमावस्या’ असा नियम हवा होता. वार आणि तारीख सोडून कॅलेंडरला काही कळत नाही, हे त्यांना पटवता पटवता माझी संध्याकाळ गेली. “येवढं मोठं कॉम्पुटर अन् अमावस्या नाही समजत?” म्हणाले. शेवटी पंचांग घेऊन मी वर्षाच्या अमावस्या एकेक करून टाकल्या.

ही झाली हसण्यावारी नेण्याजोगी प्रकरणं. ज्यावर हसता येत नाही असं एकच आहे, आणि ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

गावातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या डायलिसिस विभागाला मी पाळ्यांचा प्रोग्राम करून दिला होता. मशीन थोड्या, रुग्ण जास्त. प्रत्येकाला आठवड्यातले दोन दिवस ठरलेले. कुणी मोताळ्याकडून येई, कुणी धाडकडून, एसटीने नाहीतर जीपने. पूर्वी मशीन बंद पडली तरी लोक तासभर धक्के खात येत आणि तसेच परत जात. म्हणून मीच एक शिस्त लावली. आदल्या दिवशी संध्याकाळी मेसेज येईल. मेसेज आला तर निघायचं, नाही आला तर निघायचं नाही. लोकांनी ती इतकी मनावर घेतली की मला अभिमान वाटायचा. दवाखान्याच्या कार्यक्रमात त्याबद्दल माझा नारळ-शाल देऊन सत्कारही झाला होता.

विभाग चालवायच्या वंदना सिस्टर. रुग्णांना त्या मामा, काकू म्हणत, आणि प्रत्येकाच्या घरी काय चाललं आहे ते त्यांना ठाऊक असे. आमच्याकडे माणूस आजारी असला तरी त्याचं येणंजाणं थांबत नाही. कुणाकडे तेरवी, कुणाकडे बारसं, कुणाच्या गावचा बाजार. एवढ्या एका दिवसापुरती पाळी पुढे-मागे करून द्या, हे रोजचंच. कॅलेंडरात त्याची सोय असते. एखादी पाळी सरकवली की स्क्रीनवर तीन पर्याय येतात: फक्त ही पाळी, ही पाळी आणि यापुढच्या सगळ्या, किंवा पहिल्यापासूनच्या सगळ्या. सिस्टर ‘फक्त ही’ दाबत. मग नियम तसाच राहतो, आणि त्याला एक चिठ्ठी जोडली जाते, की अमुक शुक्रवारची पाळी शनिवारी धरावी. आम्ही त्याला अपवाद म्हणतो. पुण्याच्या एखाद्या ऑफिसात वर्षाला चार अपवाद होत असतील. वंदना सिस्टरांच्या यादीत आठवड्याला तेवढे असायचे.

भास्करराव हे धाडच्या पुढच्या एका लहान गावचे शिंपी. धाडच्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसत, दोन्ही किडन्या गेल्यावर घरीच थोडंफार शिवत. माणूस वेळेचा पक्का. त्यांच्या पाळ्या मंगळवार आणि शुक्रवार. त्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. नवरीला बोहल्यावर आणायला मामा लागतोच, त्यामुळे न जाऊन चालणार नव्हतं. सिस्टरांनी त्यांची ती एक पाळी शनिवारी केली. ‘फक्त ही’ दाबलं. सगळं रीतसर झालं.

त्याच आठवड्यात बुधवारी, शाळांना सुट्ट्या लागल्या म्हणून सकाळच्या बसची वेळ बदलली. सिस्टरांनी सकाळच्या पाळीतल्या सगळ्यांची वेळ सातची साडेसात केली, आणि ‘ही पाळी आणि यापुढच्या सगळ्या’ हा पर्याय दाबला. तोच बरोबर पर्याय होता. मग मुलीच्या परीक्षेसाठी त्या चार दिवस अमरावतीला गेल्या.

सोमवारी सकाळी आठला त्यांचा फोन आला.

“मॅडम, भास्करमामा शनिवारी आलेच नाहीत. अन् शनिवारच्या यादीत त्यांचं नावच नाही. शुक्रवारी गैरहजर दाखवून राह्यलं. मी सोताच्या हातानं शनिवार टाकला होता त्यांचा!”

“त्यांना फोन लावलात?”

“लावून राह्यली केव्हाची. बंद येतो. मॅडम, मंगळवारपासून आज सहावा दिवस होये. मी काही चुकीचं दाबलं काय?”

मी म्हणाले, “बघते.”

खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं वाक्य संपायच्या आत मला सगळं कळलं होतं. ‘ही आणि यापुढच्या सगळ्या’ हे माणसाला एक काम वाटतं, पण कॅलेंडरकडे त्यासाठी एक हुकूम नसतो. दोन द्यावे लागतात. आधी जुना नियम त्या तारखेला संपवायचा, आणि मग नव्या वेळेचा नवा नियम तिथून सुरू करायचा. आणि जुना नियम जिथे संपतो, तिथून पुढच्या त्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे सगळे अपवाद, त्याच्याबरोबर जातात. नव्या नियमाला त्यांची काही खबर नसते. त्या कंपनीच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. जुन्या चिठ्ठ्या वाचून नव्या नियमाला डकवणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम, म्हणजे माझं.

मी ते वाचलं होतं. प्रोग्राम लिहिताना त्या जागी मी स्वतःसाठी एक ओळही लिहून ठेवली होती: ‘पुढचे अपवाद नव्या नियमात न्यायचे बाकी.’ दोन वर्षं ती ओळ तिथे होती. एवढ्या सगळ्यांची वेळ एकदम कोण बदलणार, असं म्हणून मी पुढे गेले होते. नंतर दुसरी कामं आली.

आणि तरी मी सिस्टरांना ‘तुमचं चुकलं नाही’ असं म्हणाले नाही. ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला. त्याची मला अजून लाज वाटते.

माझ्या प्रोग्रामची एक वेगळी नोंदवही असते, कुणी कधी काय बदललं याची. त्यातून बुधवारनंतरच्या पुसल्या गेलेल्या चिठ्ठ्या शोधायला घेतल्या. घाईत दोनदा चुकीची तारीख टाकली. अकरा निघाल्या. दहा पुढच्या तारखांच्या होत्या, म्हणजे अजून वेळ होता. एकच तारीख उलटून गेली होती. मी सिस्टरांना फोन करून दहा नावं सांगितली, त्यांनी ती कागदावर पेनने लिहून घेतली आणि दहाही घरी फोन करायला सांगून मी गाडीची किल्ली उचलली.

“तुम्ही सोता जाता?” त्यांनी विचारलं.

“हो. मशीन तयार ठेवा.”

“डॉक्टर म्हणतात, त्यांले झोपवू नका. बसवूनच आणा. अन् पाणी देऊ नका, कितीही मागतलं तरी.”

धाडच्या रस्त्याला कुटाराने, म्हणजे गुरांच्या भुशाने भरलेली एक ट्रॉली पुढे आली. रस्त्याच्या दोन्ही कडांबाहेर कुटार लोंबत होतं आणि ओलांडायला जागा नव्हती. मी हॉर्न वाजवत राहिले. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून हात हलवला, की काय घाई आहे बाई. मला रडू फुटलं. लघवी होत नाही, सहा दिवस डायलिसिस नाही, उन्हाळा, त्यात लग्नघर. तिथे माणूस सरबताला किती वेळा नाही म्हणेल? सिस्टर नेहमी सांगत, साचलेलं पाणी छातीत चढतं आणि रक्तातला एक क्षार इतका वाढतो की बोलता बोलता काळीज थांबतं. एका वळणावर ट्रॉली कडेला झाली आणि मी निघाले.

भास्कररावांचं घर शोधावं लागलं नाही. पारावर विचारलं तर चारजणांनी एकदम बोट दाखवलं. ते ओसरीत बाजेवर बसले होते, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात आणि हातांवर डोकं. पाय सुजून चकचकीत झाले होते. त्यांच्या बायको कौसल्याबाई पदराने वारा घालत होत्या.

“रातभर असेच बसून हायेत,” त्या म्हणाल्या. “आडवं झालं की दम लागते. उद्या पाळी हायेच, उद्या जाऊ म्हन्ते.”

मी माझं नाव सांगितलं आणि आता लगेच निघायचं म्हणाले. भास्कररावांनी डोकं वर केलं. एकेक शब्द तोडून ते म्हणाले, “पन… आज… मेसेज नाही ना… ताई.”

कौसल्याबाई बोलू लागल्या. “शुक्रवारचा मेसेज आल्ता. म्हणे, सिस्टरनं शनिवार देल्ला, हा जुनाच असन. मंग शनिवारचा आलाच नाही. म्या म्हटलं, जाऊन तं पाहू. तं म्हणे, शुक्रवारी गेलो नाही म्हून आपला नंबर कटला असन. मेसेज नसताना गेलं तं दुसऱ्याच्या पाळीत घुसल्यावानी होते. मंगळवारी जाऊ. फोनही शनिवारी पडला, तवापासून बंदच हाये.”

 थांबायला वेळ नव्हता. शेजारच्या दोघांनी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. कौसल्याबाई मागे बसल्या आणि पुढे वाकून दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून राहिल्या. तेवढ्यात सिस्टरांचा फोन आला. मी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

“सकाळपासून काय खाल्लं-पिलं त्यांनी?”

“काहीच नाही वो बाई,” कौसल्याबाई मागून म्हणाल्या. “पानी तं तुम्ही नाही म्हन्ता. म्हून नारळपानी पाजलं. गरमीत बरं असते ना.”

 पलीकडून सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “किती?”

“दोन नारळं. एक काल, एक सकाळी.”

“मॅडम,” सिस्टर म्हणाल्या, “गाडी थांबवू नका कुठंच.”

जो क्षार वाढू द्यायचा नाही, तोच नारळपाण्यात भरपूर असतो. हे कौसल्याबाईंना मी त्या वेळी सांगितलं नाही, आणि नंतर कुणी सांगितलं असेल तर मला माहीत नाही. धाड मागे पडलं. भास्कररावांच्या श्वासाचा आवाज इंजिनापेक्षा मोठा वाटत होता. बुलढाणा पाच-सहा किलोमीटर राहिलं असताना तो आवाज मंदावला आणि त्यांची मान छातीवर पडली. “अहो! अहो, पहा ना इकडं!” म्हणत कौसल्याबाई त्यांच्या गालावर चापट्या मारू लागल्या. मी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने त्यांचं मनगट धरलं. नाडी लागत होती की माझेच ठोके मला लागत होते, ते कळत नव्हतं. मी देवाचं नाव घेणाऱ्यातली नाही. त्या दिवशी घेतलं.

दवाखान्याच्या दारात सिस्टर स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. पाठ टेकू न देता त्यांना आत नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि दुसरा शब्द न बोलता इंजेक्शन मागितलं. नाकावर ऑक्सिजन, हातात सुई, मग मशीन. रक्ताने नळ्या लाल झाल्या आणि पंप फिरू लागला. मी काचेबाहेर उभी राहिले. बाकावर कौसल्याबाई हातातली पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “वेळेवर आणलं. अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.” मी बाकावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

दुपारी भास्कररावांना बोलता येऊ लागलं. डॉक्टर, सिस्टर, कौसल्याबाई आणि मी, सगळे पलंगाभोवती होतो. डॉक्टरांनी फाइल मिटली आणि शांतपणे विचारलं, “सिस्टर, यांची शनिवारची पाळी यादीतून गेली कशी?”

सिस्टरांचा चेहरा उतरला. “सर, बुधवारी मीच सगळ्यायची वेळ बदलली होती. माझ्याच हातून…”

“नाही,” मी म्हणाले. “त्यांनी बरोबर केलं. चूक माझ्या प्रोग्रामची आहे. वेळ सगळ्यांची बदलली की एकेकट्याचे बदल पुसले जातात. ते जपायचं काम मी करायला हवं होतं. केलं नाही.”

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. “आज कळलं तुम्हाला?”

इथे ‘हो’ म्हणणं फार सोपं होतं. ती ओळ माझ्याशिवाय कुणीही कधी वाचली नसती.

“नाही,” मी म्हणाले. “दोन वर्षांपासून माहीत होतं.”

 भास्कररावांनी मान वळवली. आवाज अजून खोल होता, पण शब्द आता तुटत नव्हते.

“माहीत होतं?”

“हो.”

“मंग मले काऊन नाही सांगतलं?” ते म्हणाले. रागावून नाही, खरंच विचारत होते. “गिऱ्हाइकाच्या कापडात डाग असला तं मी आधी दाखवतो. शिवतो, पन दाखवून शिवतो. तुम्ही येवढंच म्हटलं असतं, की भास्करराव, ह्या मेसेजचा कधी कधी भरवसा नाही, तं मी पायी आलो असतो शनिवारी.”

दुरुस्ती करायला मला वेळ मिळाला नाही, हे एकवेळ खरं मानता येईल. सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण सांगितलं असतं तर माझं काम अर्धवट आहे हे दिसलं असतं, म्हणून मी गप्प बसले होते. त्यांनी ते बरोबर ओळखलं. मी “चुकलं माझं” म्हणाले. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळीच मी ते काम केलं. पुढचे अपवाद वाचायचे, प्रत्येकाची मूळ तारीख नव्या नियमात शोधायची, तिथे तो पुन्हा बसवायचा, आणि एखादा बसला नाही तर सिस्टरांना स्क्रीनवर नाव दाखवायचं. तीन तास लागले. दोन वर्षं मी ज्याला वेळ नाही म्हणत होते, ते काम तीन तासांचं होतं. खोट्या रुग्णांची यादी करून शंभरदा वेळा बदलून पाहिल्या, एकही चिठ्ठी हरवली नाही. त्यानंतर आजवर हरवलेली नाही. आता कुणालाही प्रोग्राम देताना त्याला काय येत नाही त्याचा कागद मी आधी देते. दोन गिऱ्हाइकं तो कागद वाचून परत गेली.

सिस्टर पुढे माझ्याशी पहिल्यासारख्या बोलू लागल्या, पण त्याला वर्ष लागलं.

भास्कररावांना दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मेसेज जातो. अचूक जातो, मी स्वतः तपासते. मागच्या महिन्यात मशीनची दुरुस्ती होती, म्हणून मंगळवारची त्यांची पाळी रद्द केल्याचं आदल्या दिवशी कळवलं होतं. मंगळवारी सकाळी मी कामासाठी तिथे गेले, तर पहिल्या बसने आलेले भास्करराव बंद दारासमोर बाकावर बसलेले. शेजारी कौसल्याबाई.

“मामा, आज बंद आहे. मेसेज नाही का मिळाला?”

“आला असन,” ते म्हणाले. “मी पाहत नाही आता. येऊनच पाहतो.”

आणि बाकावर मला जागा व्हावी म्हणून ते थोडे सरकले.